नव्वदला रुंद झालेला पट्टा

डेस्पिना कारासला कायमची नोकरी मिळणार, असं आमच्या संस्थेत सगळेच म्हणत होते. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती मिळू नये असं वाटत होतं, पण तोंडाने सगळे गोड. कॅनबेरात माणसं तोंडाने फार गोड असतात. एकमेकांना नावाने हाक मारतात, डायरेक्टरलासुद्धा अरे-तुरे करतात, आणि त्यामुळे बाहेरच्याला वाटतं की इथे कुणी वरचा-खालचा नाहीच.

आमची संस्था घरांच्या किमती, मजुरी असल्या गोष्टींचा अभ्यास करून सरकारला सल्ला विकते. मी मजुरीच्या आकड्यांचा माणूस. पगार, बेकारी, संप हे माझं खातं. डेस्पिना घरांच्या किमतींच्या गटात, आणि त्या घरवाल्या गटाशी माझा संबंध चहापुरता. तरी ही हकिकत मीच सांगतो, कारण त्या गटातला एकही जण ती सांगणार नाही. तेवढी लाज नाही म्हणा, किंवा तेवढी हिंमत नाही म्हणा.

डेस्पिनाचा तिसरा करार संपत आला होता. संस्थेचा नियम असा की तीन करार झाले की माणसाला कायम करायचं नाहीतर निरोप द्यायचा. जागा एक होती आणि उमेदवार दोन. दुसरा कॉरिन हॅडो. कामात बरा आणि सायकलवर उत्तम. घरवाल्या गटाचा प्रमुख फर्गस अडेअर दर रविवारी तळ्याभोवती सायकल फिरवतो, आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून कॉरिन असतो. चढ आला की कॉरिन मुद्दाम दमतो.

डेस्पिनाला रविवार मोकळा असायचा, पण शनिवार नाही. आमच्याकडे घरं शनिवारी विकली जातात, उघड्यावर, लिलावाने. परक्याच्या अंगणात गर्दी जमते, लिलाववाला घसा फाडून ओरडतो, आणि नवराबायको एकमेकांचे हात घट्ट धरून आकडा बोलतात. डेस्पिना तीन वर्षं शनिवारी ऊन-थंडीत अशा अंगणांतून उभी राहून किमती टिपत होती. जे लिलाव फसतात त्यांचे आकडे कुठे छापून येत नाहीत, म्हणून स्वतः जायची. तिची आई, व्हूला, तिच्याच भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. ती म्हणायची, "अगं, लोकांची घरं किती बघशील? एखादं घे तरी!" नोकरी गेली तर ॲडलेडला मामाच्या तळलेल्या माशांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे मायलेकींचं ठरलेलं होतं. मामाने एप्रनसुद्धा काढून ठेवला होता म्हणे.

आता ह्या लोकांचं काम काय ते सांगतो. अर्थव्यवस्थेला कागदावर एक धक्का द्यायचा. समजा व्याजदर पाव टक्क्याने वाढवला. मग पुढच्या महिन्यांत घरांच्या किमती कशा हलतात त्याची रेघ काढायची. नुसती रेघ कुणीही काढेल. खरी किंमत असते ती रेघेच्या दोन्ही अंगांनी भरलेल्या राखाडी पट्ट्याला. आपल्याला ह्या रेघेची किती खात्री आहे ते पट्टा सांगतो. पट्टा अरुंद असेल तर माणूस छाती काढून चालतो. पट्टा फुगून त्यात शून्याची आडवी रेघ आली की माणूस मेला, कारण मग परिणाम आहे की नाही हेच सांगता येत नाही. मी ह्या लोकांना पट्ट्यापायी झोपेच्या गोळ्या घेताना पाहिलं आहे.

डेस्पिनाचा पट्टा दोऱ्याएवढा बारीक होता.

आमच्याकडे पद्धत अशी आहे की सेमिनारच्या आधी आठवडाभर चार्ट चहाच्या खोलीत भिंतीवर लावायचा. शेजारी दोरीला पेन्सिल बांधलेली असते. ज्याला काही खटकेल त्याने चार्टवरच लिहायचं, म्हणजे माणसाला सुधारायला वेळ मिळतो आणि चारचौघांत शोभा होत नाही. पद्धत चांगली आहे. चांगल्या माणसांसाठी केलेली असावी.

सोमवारी तिने चार्ट लावला. लोक कप घेऊन यायचे, बघायचे, मान हलवून बिस्किट उचलायचे. इतका बारीक पट्टा कसा, असं कुणी विचारलं की डेस्पिना म्हणायची, "तीन वर्षांचे शनिवार आहेत रे त्यात. माहिती भरपूर असली की पट्टा आवळतो." ते खरंही आहे. फर्गसचा जो प्रसिद्ध चार्ट सरकारी अहवालात दरवर्षी छापला जातो, त्याचा पट्टाही असाच बारीक आहे. त्यामुळे तिला शंका यायचं कारण नव्हतं.

त्याच दुपारी फर्गस आला. वाकून चार्ट बघितला, चष्मा काढून बघितला, आणि पेन्सिल घेऊन खाली लिहिलं, 'सुंदर.' डेस्पिना तिथेच कप धूत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला. फर्गसच्या तोंडून सहा वर्षांत कुणी चांगला शब्द ऐकला नव्हता. त्या संध्याकाळी तिने आईला फोनवर ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं आणि रडली. आठवडाभरात दुसरं कुणी भिंतीवर एक अक्षर लिहिलं नाही.

शुक्रवारी जेवणाच्या वेळेला खोली भरली. सॉसेज रोलचा वास, कागदी पिशव्यांचा आवाज. डायरेक्टर मर्ल स्टॅनर्ड पहिल्या रांगेत, मांडीवर सॅलडचा डबा. मर्ल ही अशी बाई की समोरच्याला बुडताना बघून आधी स्वतःचे बूट कोरडे आहेत ना ते पाहील. मी मागे बसलो होतो, कारण फुकटचं जेवण होतं.

आमच्याकडे सेमिनारात प्रोग्राम पडद्यावर चालू ठेवूनच बोलायचं असतं. कुणीही मध्येच म्हणू शकतो, अमुक बदलून दाखव. डेस्पिना छान बोलली. लिलावात हरलेल्या नवऱ्याची नक्कलसुद्धा केली. मग चार्ट पडद्यावर आला आणि खोलीत कौतुकाची कुजबुज झाली.

फर्गसने हात वर केला. तो कधी हात वर करत नाही, सरळ तोडतो.

"डेस, पोरी," तो म्हणाला, "किती टक्के खात्रीचा पट्टा हा?"

"पंचाण्णव."

"वा! जरा नव्वदचा करून दाखवतेस? आम्हा म्हाताऱ्यांना एवढी खात्री पचत नाही."

लोक हसले. तीही हसली. आकडा बदलून तिने कळ दाबली. पट्टा दुप्पट रुंद झाला.

माझ्यासारख्याला आधी काही कळलं नाही. पण आजूबाजूचं चघळणं थांबलं. कमी खात्री मागितली की पट्टा आवळायला हवा. पाहुणे सात-साडेसातला येतील असं आपण अंदाजाने म्हणतो. पुरती खात्री हवी तर सकाळपासून रात्रीपर्यंत कधीही येतील म्हणावं लागतं. खात्री वाढली की पट्टा पसरतो, कमी झाली की आटतो. तिचा उलटा चालत होता.

"अरेच्चा," फर्गस म्हणाला. "ऐंशी करून बघ."

आणखी रुंद झाला. कॉरिनने तोंडावर हात धरला. हसू लपवायला धरला असेल असं मला तेव्हा वाटलं.

"आता पाच."

डेस्पिनाची बोटं कळांवर थांबली. तिला कळलं होतं. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. "फर्गस, मला वाटतं हा आकडा..."

"दाब गं. आम्ही तिकीट काढून बसलोय."

तिने दाबलं. राखाडी रंग पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पसरला. शून्याची रेघ त्यात कुठे मधोमध पडली होती. तिची स्वतःची रेघ त्या राखाडी चिखलात ओळखू येत नव्हती. तीन वर्षांचे शनिवार गेले. व्याजदर वाढवल्याने घरं स्वस्त होतात की महाग, की काहीच होत नाही, हे तिच्या आकड्यांना ठाऊक नव्हतं.

भानगड एवढीशी होती. संस्थेचा जुना प्रोग्राम विचारायचा, खात्री किती हवी? त्याला पंचाण्णव सांगायचे. सहा वर्षांपूर्वी नवा प्रोग्राम आला. तो विचारतो, चूक किती चालेल? त्याला पाच सांगायला हवेत. त्यालाही पंचाण्णवच सांगितले तर तो बिचारा पंचाण्णव टक्के चूक मान्य करून पाच टक्के खात्रीचा पट्टा काढून देतो. तो दोऱ्यासारखा बारीक निघणार नाही तर काय!

"सोमवारीच दिसलं मला," फर्गस खोलीकडे वळून म्हणाला. "असा पट्टा देवाच्या हातूनही निघत नाही."

"मग भिंतीवर लिहिलं का नाहीस?" मर्लने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, काटा सॅलडमध्येच होता.

"लिहिलं की. 'सुंदर' लिहिलं. सुंदरच होता!"

खोली फुटली. शिकलेली माणसं हसली की फार वेळ हसतात, कारण आपल्याला विनोद कळला हे दुसऱ्याला दिसायला हवं असतं. एकाने रोलचा तुकडा नाकात गेल्यासारखा खोकला काढला. डेस्पिना पडद्यासमोर उभी होती आणि राखाडी उजेड तिच्या ब्लाउजवर पडला होता. मला त्या क्षणी फर्गसच्या टकलावर पाण्याचा जग ओतावासा वाटला.

हसणं ओसरल्यावर ती बोलली. आवाज लहान होता, पण मागे ऐकू आला.

"पंचाण्णवची ही ओळ मी लिहिलेली नाही."

"प्रोग्रामने आपोआप लिहिली का?" फर्गसने विचारलं.

"तू लिहिलीस. गटात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तू तुझी नमुना-फाईल देतोस. आकडे आपले घाला, बाकी कशाला हात लावू नका, असं बजावतोस. मी हात लावला नाही." तिने फाईल वर सरकवली. माथ्यावर फर्गसचं नाव होतं. मग तिने गटाच्या फोल्डरमधून त्याचे आकडे उचलले आणि आपल्या आकड्यांच्या जागी ठेवले, ओळीत पुन्हा पंचाण्णव घातले. "तुझा चार्ट याच ओळीतून निघतो. पाच घालून बघू?"

"डेस्पिना," मर्ल म्हणाली, "वेळ संपत आलाय."

तिने कळ दाबली.

सरकारी अहवालातला तो चार्ट पडद्यावर आला. त्याच्या जोरावर मंत्री संसदेत बोलत, कितीतरी जणांच्या हप्त्यांचे निर्णय झाले. बारीक पट्टा क्षणभर दिसला आणि फुगला. शून्याची रेघ त्याच्या पोटात गेली.

मी हसण्याची वाट पाहिली. सोमवारपासून दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ न्याहाळणाऱ्याला आपल्या घरात तेच सहा वर्षं दिसलं नव्हतं, ह्याहून मोठा विनोद मला तरी माहीत नाही. प्रोग्राम बदलल्यावर त्याचा पट्टा एकाएकी बारीक झाला, तेव्हा ह्या गृहस्थाने नव्या प्रोग्रामचं गणित किती तल्लख आहे यावर भाषण दिलं होतं. मी होतो त्या भाषणाला. तेव्हाही फुकट जेवण होतं.

पण कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या कागदी पिशव्यांची घडी घालायला सुरुवात केली. त्या खोलीतल्या अर्ध्या लोकांचे चार्ट त्याच फाईलमधून निघाले होते.

फर्गसचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "म्हणजे तीन वर्षं तू माझी फाईल डोळे मिटून वापरलीस?" तो म्हणाला. "एकदाही तपासली नाहीस?"

"तू म्हणालास हात लावू नका."

"मी काहीही म्हणेन, बाई. संशोधक तू ना?"

"मुद्दा रास्त आहे," मर्ल म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. "पट्ट्याबद्दल उपयुक्त तांत्रिक चर्चा झाली. आभार, डेस्पिना."

पडदा बंद झाला. लोक बाहेर पडताना तिच्या बाजूने न जाता खुर्च्यांच्या पलीकडून गेले. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "शाबास."

"शाबास काय करू?" ती वायर गुंडाळत म्हणाली. "भाड्यात देऊ?"

कॉरिनचा सेमिनार पुढच्या शुक्रवारी होता. त्याचाही चार्ट त्याच फाईलमधला, तसाच दोऱ्यासारखा. तोंडावर धरलेला हात हसण्यासाठी नव्हता. त्याला मात्र आठवडा मिळाला. त्याने ओळ दुरुस्त केली, फुगलेला पट्टा तसाच भिंतीवर लावला, आणि सेमिनारात पहिल्याच वाक्यात सांगितलं की माझ्या आकड्यांतून काहीही निष्पन्न होत नाही आणि ते मला नम्रपणे मांडायचं आहे. मर्ल भारावली. "असा प्रामाणिक पट्टा मी कितीतरी वर्षांत पाहिला नाही," ती म्हणाली. सोमवारी त्याला कायम केल्याचा मेल आला. डेस्पिनाचे आकडे त्याच्यापेक्षा चांगले होते, हे मेलमध्ये नव्हतं.

तिला मर्लने बोलावून घेतलं आणि दुःख व्यक्त केलं. मग म्हणाली, "पर्थच्या विद्यापीठातून तुझ्याबद्दल विचारणा आलीय. मी आणि फर्गस काय सांगतो त्यावर आहे सगळं. आम्हाला चांगलंच सांगायचंय. तोवर एक छोटं काम करशील? अहवाल छापायला जायचाय. फर्गसचा चार्ट नीट काढून हवाय. तुझ्याएवढं त्या फाईलमधलं दुसऱ्या कुणाला कळत नाही."

"नीट काढला तर शून्य आत येतं."

"पंचाण्णवला येतं. आपल्या धंद्यात अडुसष्ट टक्क्यांचाही पट्टा काढतात. चालतं ते."

हे खरं आहे. ह्या धंद्यात अडुसष्ट चालतं, कारण पंचाण्णवला फार लोक मरतात.

शेवटच्या आठवड्यात मी तिच्या खोलीत निरोपाचे म्हणून लॅमिंग्टन, म्हणजे इकडचे खोबऱ्यात घोळलेले केक, घेऊन गेलो. खोक्यांत पुस्तकं भरलेली होती. ती पडद्यासमोर, आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून फर्गस उभा. मला बघून म्हणाला, "ये रे मजुरीवाल्या, बस. खरं काम कसं करतात बघ."

"अडुसष्टलाही आत येतंय," डेस्पिना म्हणाली.

"साठ?"

"साठलाही."

"पन्नास करून बघ."

तिने केलं. पट्ट्याची कड शून्याच्या रेघेपासून केसभर सुटली. पन्नास टक्के खात्री म्हणजे नाणं उडवण्याइतकी. फर्गसने खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ताल धरला.

"पन्नास ठेव. टक्केवारी तळटिपेत टाक, लहान टाइपात."

तिने टाकली. मी म्हणालो, "डेस्पिना, कशाला करतेस हे?"

"आईला पर्थला समुद्राजवळ घर हवंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

फर्गस वाकला, चष्मा काढून पडदा न्याहाळला आणि म्हणाला, "रंग जरा गडद कर, पोरी. फिकट पट्टा दुबळा दिसतो."

तिने रंग गडद केला.